फ्लोरेन्सचा तोर्नाबुओनी रस्ता: आधी भिंती बघा, मग काचा

व्हिया दे तोर्नाबुओनी हा फ्लोरेन्समधला सगळ्यांत महागडा रस्ता. न थांबता चाललात तर पाच-सहा मिनिटांत संपतो. एका टोकाला अंतिनोरी घराण्याचा वाडा, दुसऱ्या टोकाला आर्नो नदी, मधे गुची, प्रादा, फेर्रागामो आणि त्यांचे भाऊबंद. पहिल्यांदा ग्रुपबरोबर गेले होते तेव्हा आम्हाला इथे चाळीस मिनिटांचा 'शॉपिंग टाइम' मिळाला होता. निम्म्या लोकांनी काचांसमोर फोटो काढले, दाराशी उभ्या असलेल्या सुटाबुटातल्या माणसाकडे बघून पाय मागे घेतला आणि विसाव्या मिनिटाला आइस्क्रीमची रांग धरली. मीही त्याच रांगेत होते.

दुसऱ्यांदा एकटी गेले आणि याच रस्त्यावर अर्धा दिवस कसा गेला कळलं नाही. खरेदी झाली ती एका कातडी पट्ट्याची, तीही नदीपलीकडे. पण या गावात बाजार आणि स्मारकं वेगळी काढताच येत नाहीत, हे त्या दिवशी समजलं. दुओमोचा, म्हणजे इथल्या कॅथेड्रलचा, घुमट लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, पोन्ते वेक्क्यो पुलावरचे सराफ ड्यूकच्या हुकमाने बसले, आणि चपलांचं संग्रहालय तेराव्या शतकातल्या वाड्याच्या तळघरात आहे. म्हणून खाली दिलेला क्रम मुद्दाम असा लावला आहे की पाकीट शेवटी उघडावं.

निघण्यापूर्वी

मुंबईहून फ्लोरेन्सला थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलून यायचं, नाहीतर रोमला उतरून वेगवान रेल्वे पकडायची. रोमहून साधारण दीड तास लागतो आणि गाडी थेट गावाच्या मध्यात, सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर आणून सोडते. फ्लोरेन्सच्या विमानतळावरून टी-२ ट्राम याच स्टेशनाजवळ येते. गाडी भाड्याने घेऊन जुन्या गावात शिरू नका. तिथे ठरावीक परवान्यांच्या गाड्यांनाच प्रवेश आहे, कॅमेरे लावलेले आहेत, आणि दंडाची पावती काही महिन्यांनी घरी येते.

सेल हवा असेल तर वर्षातून दोन मुहूर्त: जानेवारीचा पहिला आठवडा आणि जुलैचा पहिला आठवडा. तिथून पुढे काही आठवडे सूट असते. जानेवारीत थंडी असते, पण रांगा कमी. जुलैत ऊन असं की दुपारी दगडी रस्ते तव्यासारखे तापतात. पंधरा ऑगस्टच्या आसपास मात्र टाळा. त्यांच्याकडे तेव्हा फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि छोटे कारागीर दुकानाला कुलूप लावून समुद्रावर गेलेले असतात. मोठे ब्रँड सकाळी दहाला उघडतात आणि संध्याकाळी सातपर्यंत चालू असतात, बहुतेक रविवारीही. छोटी दुकानं आणि कार्यशाळा दुपारी दोन-अडीच तास बंद, आणि अनेकदा सोमवारी सकाळीही. उफ्फीत्सी आणि मायकलअँजेलोचा 'डेव्हिड' असलेली आकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार या गावासाठी वाईट वार.

दुओमोच्या घुमटावर चढायचं असेल तर वेळ आधीच आरक्षित करा. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, त्यात कमीपणा नाही. चर्चमध्ये जायचं असल्याने खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आणि पत्त्यांची एक गंमत आधीच समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखे एकाच गल्लीत तीन फेऱ्या माराल. फ्लोरेन्समध्ये एका रस्त्यावर घरांचे क्रमांक दोन मालिकांत चालतात. राहत्या घरांचे निळे किंवा काळे, दुकानांचे लाल. लाल क्रमांकापुढे 'आर' हे अक्षर लिहितात, म्हणजे 'रोस्सो', लाल. त्यामुळे ६४ क्रमांकाचं घर एकीकडे आणि लाल ६४ चं दुकान भलतीकडे असू शकतं. फोनवरचा नकाशाही कधीकधी इथे फसतो.

सकाळ: व्यापाऱ्यांचं गाव

सकाळी आठ-साडेआठला दुओमोच्या चौकात या. कॅथेड्रलचं बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं, पण वरचं भलंमोठं भगदाड झाकायचं कसं हे कित्येक दशकं कुणालाच सुचत नव्हतं. शेवटी १४२० मध्ये ब्रुनेल्लेस्कीने काम हाती घेतलं आणि १४३६ पर्यंत घुमट उभा केला. तो मुळात सोनारकामात तयार झालेला माणूस. या सगळ्या कामाचा कारभार होता लोकर व्यापाऱ्यांच्या संघाकडे, म्हणजे 'आर्ते देल्ला लाना'कडे. ध्वज धरलेलं कोकरू ही त्या संघाची खूण. कॅथेड्रलभोवती फिरताना ते कोकरू शोधा, सापडतं. समोरच्या बाप्तिस्तेरीची, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या वास्तूची, देखभाल दुसऱ्या संघाकडे होती, परदेशी कापडावर प्रक्रिया करून विकणाऱ्या 'कालिमाला'कडे. गिबेर्ती या शिल्पकाराचे सोनेरी दरवाजे त्यांनीच करवून घेतले. चौकात आज दिसतात त्या प्रतिकृती. अस्सल दरवाजे मागच्या दुओमो संग्रहालयात आहेत आणि तिथे गर्दीही फारशी नसते.

तिथून व्हिया दे काल्त्सायुओलीने नदीच्या दिशेला निघा. नावाचा अर्थ मोजे शिवणाऱ्यांचा रस्ता. जवळच व्हिया पेल्लिच्चेरिया आहे, फरवाल्यांची गल्ली. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसंच.

वाटेत ओर्सान्मिकेले लागतं. बाहेरून चर्च वाटत नाही, कारण मुळात तो धान्याचा बाजार होता. बाहेरच्या कोनाड्यांमध्ये गावातल्या प्रमुख व्यवसायसंघांनी आपापल्या संताचा पुतळा बसवला आहे. तागाच्या कापडवाल्यांनी दोनातेल्लोकडून संत मार्क करून घेतला. त्याच्या पायाखाली बघा. संगमरवरी संत चक्क एका उशीवर उभा आहे, म्हणजे आपला माल दिसायला हवा! जाहिरात हा प्रकार किती जुना आहे ते इथे कळतं. (बाहेर प्रतिकृती, बहुतेक मूळ पुतळे वरच्या मजल्यावर.)

दोन मिनिटांवर मेर्कातो नुओव्हो, सोळाव्या शतकातला खांबांचा मंडप. रेशीम आणि सोन्याच्या व्यवहारासाठी बांधलेला, आता तिथे पर्स आणि पट्टे विकतात. एका बाजूला काशाचा रानडुक्कर आहे, पोर्चेल्लीनो. त्याचं नाक घासून सगळे लोक फोटो काढतात, त्यामुळे नाक लखलखतंय. पण मंडपाच्या बरोबर मधे जमिनीवर रंगीत दगडांचं एक चाक आहे, ते बहुतेकांच्या पायाखालून निसटतं. जो व्यापारी दिवाळखोर निघे त्याची विजार उतरवून त्याचं बूड सगळ्यांसमोर या दगडावर आपटत. महागड्या रस्त्याकडे जाण्यापूर्वी क्रेडिट कार्डवाल्या माणसाने हा दगड जरूर बघावा.

तोर्नाबुओनी: वरून खाली

आता पश्चिमेला वळा आणि पियात्सा अंतिनोरी या चौकापासून नदीकडे चालायला लागा. साडेदहा-अकराची वेळ उत्तम. दुकानं उघडलेली असतात, ग्रुप अजून दुओमोत अडकलेले असतात.

अंतिनोरी घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि अजूनही आहे. त्यांच्या वाड्यासमोर सान गाएतानो चर्च. थोडं पुढे लाल ६४ क्रमांकाला प्रोकाच्ची नावाचं १८८५ पासूनचं छोटं दुकान, जिथे ट्रफल नावाच्या सुगंधी अळंबीची पेस्ट लावलेले बोटभर सँडविच मिळतात. ट्रफलचा वास सगळ्यांना झेपत नाही. एकच घेऊन बघा.

मग डाव्या हाताला पलात्सो स्त्रोत्सी हा वाडा. इथे थांबा. फिलिप्पो स्त्रोत्सी हा सावकार. गावावर हुकमत असलेल्या मेदिची घराण्याशी वैर म्हणून त्याच्या घराण्याला हद्दपारी भोगावी लागली होती. परत आल्यावर त्याने आजूबाजूची पंधराएक घरं विकत घेऊन पाडली आणि ६ ऑगस्ट १४८९ ला पाया घातला. तारीख त्याने ज्योतिषांकडून काढून घेतली होती! दोन वर्षांत बिचारा गेला, वाडा पुढच्या पिढीने पुरा केला. कोपऱ्यावरचे काटेरी लोखंडी कंदील वर मान करून बघा. ते निक्कोलो ग्रोस्सो या लोहाराने घडवले. आगाऊ पैसे हातात पडल्याशिवाय तो घणाला हात लावत नसे, म्हणून त्याचं टोपणनाव पडलं 'कापार्रा', म्हणजे इसार. पाचशे वर्षांनंतरही माणूस इसार म्हणूनच ओळखला जातो. आतल्या चौकात फुकट जाता येतं, बसायला जागा असते, आणि इथून पुढे फुकट बसायला मिळणं अवघड आहे.

दुकानांत शिरण्याबद्दल. दाराशी माणूस उभा असतो तो अडवायला नव्हे, दार उघडायला. 'ब्वॉन जॉर्नो' म्हणा. इटलीत दुकानात शिरताना नमस्कार न करणं हा उद्धटपणा समजतात, आणि आपल्याकडच्या मॉलच्या सवयीने आपण नेमके तेच करतो. वस्तू स्वतः उचलू नका, दाखवायला सांगा. 'सोलो उनो ग्वार्दो', नुसतं बघतेय, असं म्हटलं की कुणी मागे लागत नाही. किंमत विचारायला लाजू नका. घासाघीस मात्र इथे करायची नसते.

बघायचं काय? शिवण. टाके एकसारखे आहेत का, तिरके आहेत की सरळ. कडा नुसती रंगवली आहे की कातडं दुमडून घेतलंय. पट्टा जिथे जोडला आहे तिथे नुसता चिकटवलाय की शिवलाय. हे सगळं महागड्या दुकानात डोळ्यांत भरून घ्या, कारण संध्याकाळी हीच नजर बाजारात कामाला येते. माझ्या मते या रस्त्याचा सगळ्यांत मोठा उपयोग हाच, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

प्रादाच्या काचेसमोर मराठी माणूस दोन क्षण जास्त थांबतो. जून २०२५ मध्ये या कंपनीने मिलानच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. बोंब झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पायात कोल्हापुरी घालून आत जायची माझी फार इच्छा होती. पण इथल्या दगडी रस्त्यांवर दिवसभर चालायचं तर बूटच हवेत, म्हणून राहिलं.

रस्ता नदीपाशी पियात्सा सांता त्रिनितामध्ये उघडतो. मधला खांब रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांतून आणलेला, पोपने ड्यूक कोसिमोला दिलेली भेट. बाजूला पलात्सो बार्तोलिनी सालिम्बेनी. हा वाडा १५२० च्या दशकात नव्या रोमन धर्तीवर बांधला तेव्हा घराला चर्चसारख्या खिडक्या काढल्या म्हणून लोकांनी नावं ठेवली. वास्तुकाराने दारावर लॅटिनमध्ये कोरलं: नक्कल करण्यापेक्षा नावं ठेवणं सोपं. खिडक्यांवर या घराण्याचं ब्रीद आहे, 'पेर नॉन दोर्मिरे', झोपू नये म्हणून, आणि सोबत खसखशीची बोंडं. दंतकथा अशी की यांच्या पूर्वजाने प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांना मेजवानीत अफू चारून झोपवलं आणि सकाळी लोकरीचा सगळा सौदा एकट्याने मारला.

चर्चमधलं चित्र आणि तळघरातल्या चपला

चौकातल्या सांता त्रिनिता चर्चमध्ये उजवीकडे सास्सेत्ती चॅपेल, म्हणजे त्या घराण्याचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. फ्रान्चेस्को सास्सेत्ती मेदिची बँकेचा व्यवस्थापक होता. गिर्लांदायोने इथली भित्तिचित्रं १४८५ मध्ये पुरी केली. दिवा लावायला नाणं टाकावं लागतं, सुटे पैसे ठेवा. वेदीच्या वरचं चित्र बघा: खिडकीतून पडलेलं एक मूल संत फ्रान्सिस जिवंत करतो. हा चमत्कार घडतोय तो याच चौकात. चित्रात डावीकडे स्पिनी वाडा आहे आणि मागे तेव्हाचा सांता त्रिनिता पूल. पाचशे वर्षांपूर्वीचा रस्ता बघून दाराबाहेर आलात की तोच रस्ता समोर, तोच वाडा, फक्त तळमजल्याला फेर्रागामोच्या काचा.

पलात्सो स्पिनी फेरोनी १२८९ चा, किल्ल्यासारखा. साल्व्हातोरे फेर्रागामोने तो १९३८ मध्ये विकत घेतला. नेपल्सजवळच्या एका खेड्यातला हा मुलगा कोवळ्या वयात अमेरिकेत गेला, हॉलीवूडच्या नट्यांसाठी जोडे करू लागला, १९२७ मध्ये फ्लोरेन्सला परतला आणि १९३३ मध्ये दिवाळखोर झाला. (विजार उतरवण्याची पद्धत तोवर बंद पडली होती.) पुन्हा उभा राहिला तो टंचाईच्या दिवसांत. इथिओपियावरच्या हल्ल्यानंतर इटलीवर निर्बंध आले, जोड्याच्या कमानीला लागणारं चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा त्याने बुचाचे तुकडे एकावर एक चिकटवून टाच भरून काढली. आज जगभर वेज हील म्हणून जी घालतात ती हीच. १९४७ मध्ये त्याने मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीतून जवळजवळ अदृश्य सँडल केली. त्याच सुमाराला गुचीकडे पर्सच्या मुठीसाठी बांबू आला, तोही युद्धानंतरच्या तुटवड्यामुळे. तळघरातल्या संग्रहालयाचं तिकीट घ्याच. इथे गेल्याशिवाय वरच्या दुकानातल्या किमतीचा अर्थ लागत नाही, आणि गेल्यावरही पुरता लागतो असं नाही.

वेळ असेल तर चौकातून मागे फिरून व्हिया देल्ला व्हिन्या नुओव्हाने एक चक्कर मारा. गुच्चो गुचीने १९२१ मध्ये पहिलं दुकान याच गल्लीत काढलं. तरुणपणी तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात सामान वाहायचा. पाहुण्यांच्या बॅगा बघून बघून डोळा तयार झाला. गल्लीतच आल्बेर्ती या वास्तुकाराचा पलात्सो रुचेल्लाई आहे.

इथून दहा मिनिटांवर, व्हिया देल्ला स्काला १६ ला, सांता मारिया नोव्हेल्लाचं सुगंधालय आहे. डोमिनिकन साधू तेराव्या शतकात औषधी वनस्पती लावत, १६१२ मध्ये लोकांसाठी दुकान उघडलं. चित्रांनी मढवलेल्या दालनात साबण आणि अत्तरं. आत शिरायला पैसे नाहीत. ज्यांना पर्स परवडणार नाही पण घरी काहीतरी फ्लोरेन्सचं न्यायचंय त्यांनी इथला साबण घ्यावा.

नदीपलीकडे आणि पुलावर

जेवणाची भानगड लवकर उरका. शाकाहारी असाल तर 'सेन्त्सा कार्ने', मांस नको, एवढं पाठ करा. रिबोल्लीता म्हणजे शिळा पाव, वाल आणि पालेभाज्या घालून केलेलं दाट सूप. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत मऊ शिजवलेला पाव. दोन्ही गरिबांचं खाणं, दोन्ही पोटभर. कॉफी काउंटरवर उभ्याने घ्या. बसलात की तोच कप दुप्पट-तिप्पट महाग होऊ शकतो.

मग सांता त्रिनिता पूल ओलांडा. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लोरेन्सचे सगळे पूल उडवले, एक पोन्ते वेक्क्यो सोडून. सांता त्रिनिता नदीतून दगड काढून पुन्हा जसाच्या तसा बांधला, १९५८ मध्ये पुरा झाला. कोपऱ्यावरच्या 'वसंत' पुतळीचं डोकं १९६१ मध्ये नदीत सापडलं. मानेवर जोड दिसतो.

पलीकडचा भाग ओल्त्रार्नो, कारागिरांचा. व्हिया माज्जो जुन्या वस्तूंची, सांतो स्पिरीतोच्या गल्ल्यांत सोनेरी वर्ख देणारे, चौकटी कोरणारे, कातडं शिवणारे. दार उघडं असलं तर आत डोकवा, विचारून फोटो काढा. माझा पट्टा इथलाच. कंबरेचं माप घेऊन त्याने समोर भोकं पाडली, कडा घासून मेण लावलं, वीस मिनिटं लागली. मोठ्या रस्त्यावर जे काचेआड बघितलं ते इथे हाताखाली होताना दिसतं.

पुढे पलात्सो पित्ती. इथल्या पांढऱ्या दालनात, साला बियांकात, १९५२ पासून इटलीचे फॅशन शो होऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी, १२ फेब्रुवारी १९५१ ला, जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी या व्यापाऱ्याने अमेरिकन खरेदीदारांना आपल्याच घरी बोलावून इटालियन कपडे दाखवले होते. इटालियन फॅशनचा मान पुढे मिलानने पळवला, पण सुरुवात इथली. पुरुषांच्या कपड्यांचा 'पित्ती उओमो' मेळा अजून जानेवारी आणि जूनमध्ये फ्लोरेन्समध्येच भरतो. त्या दिवसांत हॉटेलं महाग असतात, तारखा बघून घ्या.

परत येताना पोन्ते वेक्क्यो. १३४५ चा पूल. आधी इथे खाटीक बसत आणि घाण थेट नदीत टाकत. वरून ड्यूकचा खाजगी मार्ग जातो, १५६५ मध्ये वसारी या वास्तुकाराने बांधलेला. खालचा वास वर पोचत असणार. १५९३ मध्ये ड्यूक फेर्दिनांदोने खाटकांना हलवून सोनारांना बसवलं, ते आजतागायत. रात्री दुकानं बंद झाल्यावर जाडजूड लाकडी झडपा लागतात. दागिन्यांपेक्षा त्या झडपा मला जास्त आवडल्या.

सोनं घेण्याबद्दल आपल्या लोकांना सांगायलाच हवं. इथलं सोनं बहुतेक १८ कॅरेटचं असतं, त्यावर ७५० चा शिक्का. आपल्या सवयीच्या २२ कॅरेटच्या ९१६ शी तुलना करून 'हे तर फिकं' म्हणू नका. नाजूक घडणीला आणि खड्यांना कडक धातू लागतो. पण गुंतवणूक म्हणून घेत असाल तर सरळ नको म्हणा. किमतीत घडणावळ आणि पुलावरच्या जागेचं मोल मोठं असतं. तुमचा घरचा सराफ ते परत देणार नाही, तो वजन आणि शुद्धता बघणार. आवडली, घालणार असाल, तर घ्या.

सिन्योरीया आणि कातडं

पुलावरून पियात्सा देल्ला सिन्योरीयात या. १३५९ मध्ये बांधलेल्या व्यापारी न्यायालयाच्या वाड्यात गुचीने २०११ मध्ये आपलं संग्रहालय काढलं. नाव आणि मांडणी अधूनमधून बदलत असते. समोर, नेपच्यूनच्या कारंज्याजवळ, जमिनीत एक गोल शिळा आहे. याच चौकात ७ फेब्रुवारी १४९७ ला साव्होनारोला नावाच्या साधूच्या अनुयायांनी आरसे, अत्तरं, खोटे केस, उंची कपडे यांची होळी केली. पुढच्या वर्षी, २३ मे १४९८ ला, गावाने त्यालाच इथे फासावर देऊन जाळलं. शिळा त्या जागेची. तिच्यावर उभं राहिलं की समोर गुचीचं दार दिसतं.

शेजारच्या उघड्या मंडपात चेल्लीनीचा पर्सियस आहे, फुकट. चेल्लीनी सोनार होता. पुलावरचा अर्धपुतळा त्याचाच.

आता कातडी वस्तू. तीन जागा, तीन भाव. सान लोरेन्त्सोच्या आसपासचे ठेले स्वस्त, तिथे घासाघीस चालते, पण सगळा माल इटलीत झालेला नसतो. एका ठेल्यावर 'खरं कातडं' म्हणून घेतलेल्या माझ्या पर्सचं अस्तर पुण्याला पोचेपर्यंत उसवलं होतं. दुसरी जागा सांता क्रोचे चर्चमागची स्कुओला देल कुओयो, कातडीकामाची शाळा. दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला कसब मिळावं म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी ती काढली. कारागिरांना काम करताना बघता येतं आणि वस्तूवर आद्याक्षरं ठोकून मिळतात. तिसरी जागा ओल्त्रार्नो, मघाशी सांगितली तीच.

'व्हेरा पेल्ले' म्हणजे खरं कातडं, पण एवढ्यावर भुलू नका. 'पिएनो फ्योरे' लिहिलं असेल तर वरचा पूर्ण थर शाबूत आहे. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या तोस्कानाच्या कातड्याला क्रमांक घातलेलं हमीपत्र मिळतं, ते मागून घ्या. नखाने हलकंसं दाबा, सुरकुती पडून परत जायला हवी. वास रसायनाचा नको.

रस्त्यावर चादर पसरून विकणाऱ्यांकडून नकली ब्रँडची पर्स घेऊ नका. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्यात अस्सल येईल.

खऱ्या ब्रँडची वस्तू कमी किमतीत हवी असेल तर गावाबाहेर तीसेक किलोमीटरवर लेच्चोला 'द मॉल' हे आउटलेट आहे, स्टेशनाजवळून बस जाते. अर्धा दिवस जातो. माल मागच्या हंगामांचा असतो. ज्यांना ठरावीक वस्तू घ्यायचीच आहे त्यांनी जावं. बाकीच्यांनी तो अर्धा दिवस उफ्फीत्सीला द्यावा.

बिल, व्हॅट आणि कस्टम्स

कार्डाच्या यंत्रावर 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांत निवडलं की यंत्रवाला आपल्या भावाने रूपांतर करतो. पावती, 'स्कोन्त्रीनो', जपून ठेवा. नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत द्यायला तिथला दुकानदार बांधील नसतो. दिलेच तर ती त्याची मर्जी.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना व्हॅट परत मिळतो. इटलीत तो २२ टक्के. फेब्रुवारी २०२४ पासून एका दुकानातल्या एका बिलावर ७० युरोंच्या वर खरेदी असली की पुरे, पूर्वी ही मर्यादा १५४.९४ होती. दुकानात पासपोर्ट दाखवून 'टॅक्स फ्री'चा कागद करून घ्यायचा, म्हणून मूळ पासपोर्ट.

हिशोब नीट समजून घ्या. १,२२० युरोंच्या पर्समध्ये २२० युरो व्हॅट आहे. म्हणजे छापील किमतीचे १८ टक्के, बावीस नव्हेत. त्यातून परतावा देणारी कंपनी आपलं कमिशन कापते, आणि हातात साधारण दीडशेच्या आसपास उरतात. रोख घेतलेत तर आणखी कमी.

विमानतळावर क्रम चुकवू नका. वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर बॅग देण्याआधी कस्टम्सची नोंद करून घ्या. हातातल्या सामानात असेल तर नोंद युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर होते, म्हणजे फ्रँकफर्टला बदलत असाल तर फ्रँकफर्टला. वस्तू न वापरलेली, बिलासकट, दाखवता येईल अशी ठेवा. नेहमीपेक्षा एक तास आधी पोचा. खरेदीचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांत माल संघाबाहेर जायला हवा.

आणि इकडची बाजू. भारतात उतरल्यावर ठरावीक रकमेपुढच्या परदेशी खरेदीवर ड्यूटी लागते, दागिन्यांचे नियम वेगळे. आकडे बदलत असतात, निघण्यापूर्वी भारतीय कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा. महागडी पर्स घेतलीत तर परत मिळालेला व्हॅट ही ड्यूटी सहज गिळते. पर्स खांद्याला लावून हिरव्या दारातून निघून जायचा सल्ला देणारे बरेच भेटतात. पकडल्यावर दंड भरायला त्यांपैकी कुणी येत नाही. हे सगळं गणित मांडून मगच तोर्नाबुओनीवर परत जा. घेण्यासारखं जे डोक्यात राहिलं असेल ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं.

शेवटची सकाळ: कास्चिने

मराठी माणसासाठी आणखी एक टप्पा. स्टेशनाजवळून टी-१ ट्रामने कास्चिने बागेला उतरा. मंगळवारची सकाळ असेल तर इथे मोठा आठवडी बाजार असतो, कपडे, जोडे, भांडी, आणि भाव माणसांना परवडणारे. बाजार ओलांडून नदीच्या कडेने पश्चिमेला चालत राहा. बाग लांबलचक आहे, पाऊण तास धरा. सायकल मिळाली तर उत्तम.

बागेच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. खाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये ते वारले, ऐन विशीत. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. या गावाने हिंदू दहन पाहिलेलं नव्हतं. नद्यांचा संगम शोधून, खास परवानगी काढून, इथे चिता रचली गेली. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर या शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधणारा मँट तो हाच. बाजूच्या पुलाला गाव 'पोन्ते आल्लिंदियानो' म्हणतं, भारतीय माणसाचा पूल.

मी गेले तेव्हा छत्रीच्या पायरीवर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. हा कोण, असं त्यांनी खुणेनेच विचारलं. 'माझ्याकडचा राजा,' मी मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. त्यांनी टोपी काढली, कुत्र्याला जरा बाजूला ओढलं आणि मला बसायला जागा केली.